देवाला दुःख होतें काय?

ईश्वर आहे कीं नाहीं, या प्रश्नावर वाद घालणारांची आमच्याकडे कधींच वाण पडली नाहीं. परंतु तो आहे असें एकदां मान्य केल्यावर तो कसा आहे, हा प्रश्न त्याहून अवघड असून त्याकडे लक्ष मात्र फारच थोड्यांचें जातें. आस्तिक म्हणविणाऱ्या दोघां गृहस्थांस शेजारीं बसवून 'तुमचा देव बदलतो काय? पुढचें सर्व त्याला आधींच दिसतें काय? आपण रडतों तेव्हां त्याला कांहीं होतें काय?' असे तीन प्रश्न विचारले, तर आस्तिक व नास्तिक यांच्यांत असतें त्याहून अधिक अंतर या दोन आस्तिकांत आढळण्याचा संभव आहे. यांपैकीं तिसरा प्रश्न ख्रिस्ती ईश्वरविज्ञानांत गेलीं शंभर वर्षें विशेष गाजत आहे. युरोप-अमेरिकेंतील विद्यापीठांत त्यावर ग्रंथामागून ग्रंथ निघाले. पण म्हणून तो परक्यांचा प्रश्न आहे, असें समजण्याचें कारण नाहीं. मराठी माणसांनीं तो आपल्या परीनें विचारला आहे, आणि त्याचे कांहीं धागे आमच्या नागपुरांत येऊन गुंतले आहेत. त्या धाग्यांचा थोडा उलगडा करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

नागपूर म्हटलें कीं बाहेरच्या माणसास संत्रीं आठवतात, उन्हाळा आठवतो, दीक्षाभूमि आठवते. ख्रिस्ती धर्मविचाराचें एक ठाणें म्हणून या शहराची आठवण सहसा कोणास होत नाहीं. वस्तुतः स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं येथें आले, तेव्हां येथें भोसल्यांचें राज्य होतें. त्यांच्या नांवाचें कॉलेज १८८३ पासून चालूं आहे. रोमन कॅथलिक पंथाचें बिशपपीठ येथें १८८७ सालीं स्थापन झालें. ज्या टेकडीवर नागपूरकर सकाळ-संध्याकाळ हवा खावयास जातात तिला सेमिनरी हिल्स हें नांव पाद्री होऊं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या विद्यालयामुळें मिळालें आहे, हें त्या फिरणारांपैकीं कितीकांच्या ध्यानांत येत असेल कोण जाणे. प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या राष्ट्रीय परिषदेची कचेरी येथेंच आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं सहा निरनिराळ्या मंडळ्यांनीं आपले भेद बाजूस ठेवून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' ही एक मंडळी स्थापन केली ती याच शहरांत; आणि पुढच्याच वर्षीं, ऑक्टोबर १९७१ मध्यें, ख्रिस्ती धर्मपंडितांची एक आंतरराष्ट्रीय परिषद येथें भरली. तिच्याकडे मी शेवटीं येणार आहें.

मी स्वतः ख्रिस्ती नाहीं. माझें घर वारकऱ्यांचें; आजोबांच्या गळ्यांत माळ होती, आणि ती माझ्या गळ्यांत नसली तरी तिचा संस्कार मनांतून गेलेला नाहीं. या वादाशीं माझा परिचय झाला तो ग्रंथांमुळें नव्हे, शेजाऱ्यांमुळें. आमच्या आळींत एक वृद्ध ख्रिस्ती जोडपें राहतें. गृहस्थ शाळेंतून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही सारे गुरुजी म्हणतों आणि त्यांच्या पत्नीस मावशी. त्यांची एकुलती एक मुलगी आठ महिने अंथरुणास खिळून होती, व अखेरीस ती गेली. त्यानंतर चार दिवसांनीं त्यांच्या मंडळीचे तरुण पाळक घरीं आले. मीहि तेथें होतों. प्रार्थना झाल्यावर पाळक अतिशय मृदु स्वरानें म्हणाले, "गुरुजी, देव लांब नाहीं. या घडीला तो तुमच्याबरोबर रडतो आहे." त्या शब्दांत खोटेपणाचा लवलेश नव्हता, त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले होते. ते निघून गेल्यावर गुरुजी बराच वेळ उगे राहिले आणि मग म्हणाले, "मन चांगलें आहे हो पोराचें. पण मीहि रडायचें आणि देवानेंहि रडायचें, तर मग डोळे पुसायचे कुणीं?" मावशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं बसल्या होत्या. त्या मान वर न करतां म्हणाल्या, "जो कधीं रडलाच नाहीं, त्याला माझ्या लेकीचें काय सांगूं मी?"

पुढें या विषयावरील पुष्कळ ग्रंथ मीं चाळले. त्या दोन वाक्यांच्या पलीकडचें असें त्यांत फारच थोडें आढळलें. पक्ष तेच दोन. ग्रंथकार ते सावकाशीनें मांडतात, आणि त्या घरीं ते एका दमांत मांडले गेले, इतकाच फरक.

गुरुजींचा पक्ष जुना. ख्रिस्ती धर्माच्या आद्य आचार्यांनीं देव अविकारी आहे, दुःखाचा स्पर्श त्याला होत नाहीं, असें निःसंदिग्धपणें सांगितलें. तिसऱ्या शतकाच्या आरंभीं प्रॅक्सियस नांवाच्या उपदेशकानें पिता व पुत्र यांच्यांत भेद म्हणून ठेवला नाहीं, तेव्हां कार्थेजच्या टर्टुलियननें त्याच्यावर प्रत्यक्ष पित्यासच वधस्तंभावर चढविल्याचा आरोप केला. आणि पित्यानें दुःख भोगलें असें म्हणणें हा तेव्हांपासून पाखंडाचा एक प्रकार गणला गेला. अकराव्या शतकांत अन्सेल्म यांनीं, पुढें ते कँटरबरीचे आर्चबिशप झाले, या सिद्धांतांतील अडचण स्वतःच्याच तोंडून बोलून दाखविली. दया येणें म्हणजे दुसऱ्याच्या दुःखानें आपण दुःखी होणें. मग ज्याला दुःख होत नाहीं तो देव दयाळू कसा? त्यांचें उत्तर असें कीं, दयेचें फळ आपल्या पदरांत पडतें, म्हणून आपल्या अनुभवापुरता तो दयाळूच आहे. त्या दयेची कळ मात्र त्याला लागत नाहीं. तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनस यांनीं या विचारास शास्त्राचा घाट दिला. जें बदलतें त्यांत कांहीं तरी उणें असतें; तें एक तर अधिक चांगलें होत असतें, नाहीं तर अधिक वाईट. देव पूर्ण आहे, म्हणून त्यांत बदल नाहीं; आणि दुःख हा बदलच असल्यामुळें त्यांत दुःखहि नाहीं.

मावशींच्या पक्षास आधार प्रत्यक्ष पवित्र शास्त्राचाच आहे. तेथील देव तत्त्ववेत्त्यांच्या देवासारखा बोलत नाहीं. उत्पत्तीच्या पुस्तकांत मनुष्य निर्माण केल्याबद्दल तो खिन्न होतो. होशेयाच्या पुस्तकांत हट्टी लेकराला टाकून देववत नाहीं अशा बापाप्रमाणें त्याची घालमेल होते. शुभवर्तमानांत येशूला लोकांचा कळवळा आला असें जेथें म्हटलें आहे, तेथें मूळ ग्रीक क्रियापद आंतड्यांच्या नांवावरून झालेलें आहे. आणि इब्री भाषेंत दयेचा शब्द गर्भाशयाच्या शब्दाशीं जोडलेला आहे. आमच्या मराठींत आंतडें तुटतें, पोटांत कालवतें, त्याच जातीचे हे शब्द. मराठी बाईला ते समजावून देण्यास व्याकरणाची गरज नाहीं.

वाचकांस या ठिकाणीं आपल्या घरचाच वाद आठवला असेल. निर्विकार, कूटस्थ, निर्गुण असें ब्रह्म एकीकडे. आणि दुसरीकडे जनाबाईबरोबर जात्याचा खुंटा धरणारा, नामदेवाच्या हातचा घांस खाणारा पंढरीचा विठोबा. आमच्या संतांनीं हा वाद सोडविला, असें म्हणण्यापेक्षां तो सोडविण्याची निकडच त्यांना भासली नाहीं, असें म्हणणें अधिक यथार्थ होईल. ज्याला वेद 'नेति' म्हणतात तोच दळण दळतो, असें ते म्हणत आणि पुढें चालूं लागत. पण ख्रिस्ती पंडितास असें पुढें चालतां येत नाहीं. त्याच्या धर्मांत देव एकदांच, एका ठराविक काळीं, एका ठराविक देशांत मनुष्य झाला आणि त्याला छळ करून मारण्यांत आलें. हें घडलें असेल तर तें कोणाला लागलें, हा प्रश्न त्याला टाळतां येत नाहीं.

निर्गुण ब्रह्म आणि ख्रिस्ती देव यांची गांठ घालण्याचा सर्वांत धीट प्रयत्न ज्यानें केला, त्याचा आश्रय कांहीं काळ नागपूरच्याच बिशपांकडे होता, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. ब्रह्मबांधव उपाध्याय हे मूळचे बंगालचे. १८९१ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला व त्याच वर्षीं ते कॅथलिक झाले. १८९४ पासून त्यांनीं कराचीहून 'सोफिया' हें मासिक चालविलें. त्रैक्याला सच्चिदानंद म्हणावें ही कल्पना १८८२ सालीं केशवचंद्र सेन यांनीं एका व्याख्यानांत मांडली होती. उपाध्यायांनीं तिला अक्वायनसची बैठक दिली आणि १८९८ मध्यें तिच्यावर एक संस्कृत स्तोत्र रचलें. पिता हा सत्, त्याचें आत्मज्ञान असा पुत्र हा चित्, आणि पवित्र आत्मा हा आनंद. आपल्यांतच पूर्ण असलेल्या या देवाला जगाची गरज नाहीं, आणि हेंच निर्गुणाचें खरें तात्पर्य होय, असें त्यांचें प्रतिपादन होतें. पुढच्या वर्षीं जबलपुरास नर्मदेच्या कांठीं भगव्या वस्त्रांतील ख्रिस्ती संन्याशांचा मठ काढण्याचा त्यांनीं उपक्रम केला. जबलपूर त्या काळीं नागपूरच्या बिशपपीठाखालीं येत असे, आणि बिशप पेल्व्हा यांचा या कामास अनुकूल कौल होता. परंतु रोमचे प्रतिनिधि झालेस्की यांस तें रुचलें नाहीं. मठ मोडला व उपाध्याय कलकत्त्यास परतले. १९०७ सालीं, राजद्रोहाचा खटला चालूं असतांनाच, त्यांचा अंत झाला.

उपाध्यायांच्या विचारांत एक गोष्ट अशी आहे कीं तिची थोरवी मला दिवसेंदिवस अधिक पटत चालली आहे. देवाला जगाची गरज नसेल, तर त्यानें जग केलें तें निव्वळ देणें म्हणून. आपलें बहुतेक प्रेम गरजेपोटीं असतें. आपल्याला एकटेपणा सोसत नाहीं म्हणून आपण दुसऱ्यास जवळ करतों. ज्याला कांहींच नको आहे त्यानें केलेलें प्रेम तेवढें निखळ. तथापि या सिद्धांतांतील पोकळी एका मराठी पंडितानें उपाध्यायांच्या कितीतरी आधीं दाखवून ठेवली होती. नीलकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ चा, झांशीजवळचा, विद्या काशीची. १८४८ सालीं बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले, आणि १८६० सालीं 'षड्दर्शन दर्पण' या ग्रंथांत त्यांनीं वेदांत्यांस विचारलें कीं, जें कांहीं जाणत नाहीं, कांहीं इच्छीत नाहीं, तें चैतन्य आहे असें कशावरून म्हणावयाचें? जड वस्तूहून तें निराळें कसें ओळखावयाचें? गोऱ्यांचा हा प्रश्न वेदांत्यांसाठीं होता. पण अन्सेल्मच्या देवासहि तो थोडाबहुत लागतोच. स्वतः गोऱ्यांना शंकांनीं आयुष्यभर सोडलें नाहीं, आणि तें त्यांनीं लपविलें नाहीं.

त्यांच्याच लिखाणाचा उपयोग पुढें पंडिता रमाबाईंना झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला खरा, पण त्रैक्याचा सिद्धांत व ख्रिस्ताचें ईश्वरत्व या गोष्टी केवळ मंडळी सांगते म्हणून मान्य करण्याचें त्यांनीं साफ नाकारलें. सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या बाई डोरोथिया बील यांच्याशीं त्यांनीं केलेला पत्रव्यवहार १९७७ सालीं मुंबईस प्रसिद्ध झाला आहे. परमुलखांत, परक्यांच्या आश्रयास राहून, लहान मुलगी पदरीं असतां, आपल्या आश्रयदात्यांस 'हें मला पटल्याखेरीज मी मानणार नाहीं' असें सांगणारी ही विधवा ब्राह्मण स्त्री त्या पत्रांत पाहिली म्हणजे देवाच्या स्वरूपाचा वाद हा रिकामपणचा उद्योग नव्हे, अशी खात्री पटते. पुढें त्यांचें समाधान झालें. मग त्यांनीं सबंध पवित्र शास्त्राचें साध्या मराठींत भाषांतर केलें. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ सालीं, तें पुरें छापून निघालें. वेदांताचा वास येणारे संस्कृत शब्द त्यांत येऊं नयेत याविषयीं त्यांचा कटाक्ष असे. शब्दाबरोबर देवहि बदलतो, हें त्यांना पुरतें ठाऊक होतें.

विसाव्या शतकांत मावशींच्या पक्षाचें पारडें एकाएकीं जड झालें. त्याचें कारण तर्कांत शोधण्यापेक्षां दोन महायुद्धांत शोधलें पाहिजे. पराभूत जपानांत काझो कितामोरी यांनीं १९४६ सालीं देवाच्या वेदनेवर ग्रंथ लिहिला. जर्मनींत हिटलरच्या तुरुंगांतून डीट्रिख बॉनहॉफर यांनीं १९४४ सालीं लिहिलेल्या एका पत्रांत, दुःख सोसणारा देवच आतां मनुष्याच्या उपयोगीं पडेल, अशा आशयाचा विचार आला. पुढच्या एप्रिलांत त्यांना फांशीं देण्यांत आलें. युर्गेन मोल्टमान हे १९४३ सालीं हँबुर्गावरील बाँबवर्षावांत सांपडले. वय सतराचें, शेजारीं उभा असलेला मित्र ठार झाला, हे वांचले. त्यानंतर कित्येक वर्षांचा बंदिवास. १९७२ सालच्या आपल्या 'क्रूसावरील देव' या आशयाच्या ग्रंथांत त्यांनीं म्हटलें कीं, वधस्तंभावर पुत्र मरणाचें दुःख भोगतो आणि पिता पुत्राच्या मरणाचें. टर्टुलियनचा आरोप टाळून पित्याला दुःखांत आणण्याची ही वाट मोठी सूक्ष्म आहे, आणि ज्यांचें मूल गेलें आहे त्यांना ती समजावून सांगावी लागत नाहीं. १९९४ सालीं अमेरिकेंत पांच लेखकांनीं आणखी एक पाऊल टाकलें. मनुष्य खरोखर स्वतंत्र असेल तर तो उद्यां काय करील हें देवालाहि आज निश्चित ठाऊक नसतें, आणि तो आपल्याबरोबरच काळाच्या वाटेनें चालतो, असें त्यांनीं प्रतिपादिलें. जुना पक्षहि निरुत्तर झाला असें नाहीं. २००० सालीं थॉमस वाइनँडी या कॅपुचिन पाद्र्यानें त्याचें समर्थन करणारा भक्कम ग्रंथ लिहिला. दुःखांत सांपडलेला देव आपल्याला सोबत देईल, पण सुटका देणार नाहीं, हें त्याचें सार. गुरुजींनीं तो वाचलेला नाहीं.

या वादास मराठी मातीचा वास देणारे पंडित म्हणजे अरविंद निर्मळ. १९८१ सालीं बंगळूर येथील ईश्वरविज्ञानाच्या महाविद्यालयांत त्यांनीं दिलेल्या भाषणापासून ज्या विचारास पुढें दलित ईश्वरविज्ञान हें नांव मिळालें त्याचा आरंभ धरतात. निर्मळांनीं प्रश्नाचें रूपच पालटलें. देवाला दुःख होतें काय, असें विचारण्याऐवजीं देव कोणत्या जागीं उभा आहे, असें त्यांनीं विचारलें. यशयाच्या पुस्तकांत सर्वांनीं तुच्छ लेखलेल्या, मार खाल्लेल्या सेवकाचें वर्णन येतें. ख्रिस्ती लोक तें वर्णन येशूला लावतात. मग देव जर सेवक असेल, तर झाडणें, धुणें, मेलेलीं गुरें ओढणें, अशा सेवा पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथीं मारण्यांत आल्या, त्यांच्या रांगेंत त्याची जागा लागते. देव सेवक आहे म्हणजे तो दलित आहे, असें निर्मळांनीं निःशंकपणें म्हटलें. देवळाच्या गाभाऱ्यांतून देवाला बाहेर काढून वेशीबाहेर नेण्याचें हें धैर्य सामान्य नव्हे.

पण नागपूरच्या माणसाला हें वाचीत असतां दुसरें एक नांव आठवल्यावांचून राहत नाहीं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं लाखो अनुयायांसह याच शहरांत बौद्ध धम्म स्वीकारला. दुःखी देव आणि दुःखातीत देव या दोहोंपैकीं एकाचीहि निवड त्यांनीं केली नाहीं. मरणोत्तर, १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांत धम्माच्या केंद्रस्थानीं देव नसून मनुष्य आहे. दुःख आहे हें ओळखणें आणि तें दूर करण्याचा मार्ग दाखविणें, हें धम्माचें काम आहे. या भूमिकेवरून निर्मळांच्या विचारास जो आक्षेप येतो तो टाळतां येणारा नाहीं. दुःखाला एकदां देवाच्या ठायीं आसन दिलें, कीं तें पूज्य होऊं लागतें. आणि जें पूज्य झालें तें नाहींसें करण्याची निकड उरत नाहीं. सेवकपण हा देवाचा गुण ठरला, तर झाडू ज्याच्या हातीं दिला आहे त्याच्या हातून तो काढून घेण्याची घाई कोण करील? नंतरच्या कांहीं दलित ख्रिस्ती अभ्यासकांनींहि दुःखाचें असें गौरवीकरण होतें कीं काय, ही शंका बोलून दाखविली आहे. निर्मळांचा हेतु तसा मुळींच नव्हता. पण सिद्धांत एकदां सुटला म्हणजे तो हेतूच्या स्वाधीन राहत नाहीं.

आतां मला स्वतःला काय वाटतें तें सांगणें प्राप्त आहे.

गुरुजींच्या घरीं पहिले दहा-बारा दिवस माणसांची रीघ लागली होती. येणारा प्रत्येकजण रडला, आणि मनापासून रडला. महिन्यानें येणें तुरळक झालें, आणि पावसाळा सरेपर्यंत जवळजवळ थांबलें. यांत कोणाचा दोष नाहीं. सहानुभूति ही भावना आहे, आणि भावनेला भरती असते तशी ओहोटीहि असते. एक बाई मात्र येत राहिली. पलीकडच्या वस्तींतील ती बौद्ध बाई पूर्वीं गुरुजींची विद्यार्थिनी होती. रोज सायंकाळीं ती दोघांपुरता डबा घेऊन येई, रिकामा डबा घेऊन जाई, आणि भाजींत मीठ बरोबर आहे ना, याखेरीज फारसें बोलत नसे. तिला रडतांना मीं एकदांहि पाहिलें नाहीं. पांच महिने हा क्रम चालला होता. देव आहे असें ती मानीत नाहीं, आणि माझ्या या लेखांत तिला देवाचें उदाहरण केलेलें तिला आवडणारहि नाहीं. पण अन्सेल्मचें म्हणणें मला कळलें तें तिच्यामुळें. दयेचें फळ पदरांत पडतें आणि तिची कळ डोळ्यांना दिसत नाहीं, हें वर्णन कोरड्या मनाचेंच असलें पाहिजे असें नाहीं. न ओसरणाऱ्या दयेचेंहि तें असूं शकतें. देवाची दया जर आपल्या दयेसारखी उसळणारी भावना असेल, तर ती कधीं तरी ओसरेल, अशी भीति बाळगणें रास्त आहे. जुन्या आचार्यांनीं अविकारी म्हटलें तें या भीतीचें उत्तर म्हणून, अशी माझी समजूत आहे. आपल्या रडण्यानें तें प्रेम वाढत नाहीं, म्हणूनच आपण रडूं शकलों नाहीं तरी तें कमी होत नाहीं.

इतकें मान्य करूनहि मावशींचा प्रश्न उरतोच. दया न ओसरणारी असेल. पण लेक जाणें म्हणजे काय, हें तिला बाहेरूनच माहीत असेल तर काय करावयाचें? येथें मला हिस्लॉपसाहेबांचा मृत्यु आठवतो. टाकळघाटाकडील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परत येतांना, ४ सप्टेंबर १८६३ रोजीं, पूर आलेल्या ओढ्यांत ते बुडाले. विदर्भांतील पावसाळी ओढा ज्यानें पाहिला आहे त्याला ठाऊक असतें कीं, जो स्वतःच प्रवाहांत वाहून चालला आहे त्याच्या गळ्यांत पडून कोणी वांचत नाहीं; आणि कांठावर कोरडा उभा राहून जो हाका मारतो त्याचाहि उपयोग नसतो. वांचविणारा पाण्यांत उतरतो, पण त्याच्या कमरेच्या दोराचें दुसरें टोंक कांठावरच्या झाडाला बांधलेलें असावें लागतें. झाड भिजत नाहीं, हलत नाहीं. तें हलूं लागलें तर दोघेहि गेले. इ. स. ४५१ मध्यें खाल्केदोनच्या धर्मसभेनें ख्रिस्त एकच असून त्याचीं स्वरूपें दोन आहेत, पूर्ण देवाचें व पूर्ण मनुष्याचें, असें ठरविलें तें याच अर्थानें घ्यावें, असें मला वाटतें. त्या सभेनें तें कसें घडतें याचा खुलासा केला नाहीं. मिसळ नाहीं, बदल नाहीं, विभाग नाहीं, वियोग नाहीं, अशा चार नकारांचें कुंपण घालून ती थांबली. दोरीच्या दोन टोंकांपैकीं कोणतेंहि सोडूं नका, इतकाच त्या कुंपणाचा अर्थ.

अशा ठिकाणीं थांबणें हा पुष्कळांस पळपुटेपणा वाटतो. १९७१ च्या नागपूरच्या परिषदेनें काढलेल्या निवेदनावरहि तसा आक्षेप घेतां येईल. सर्व अस्तित्वाच्या व मानवी जीवनाच्या मुळाशीं एक अनिर्वचनीय गूढ असून तें निरनिराळ्या रूपांनीं जगांतील सर्व लोकांत कार्य करीत आहे, आणि इतर धर्मांचे ग्रंथ व विधि यांतूनहि त्याचें दर्शन घडूं शकतें, असा त्या निवेदनाचा आशय आहे. ख्रिस्ती पंडितांनीं हें बोलावें ही लहान गोष्ट नव्हती, आणि त्यावर त्यांच्यांतच वाद झाले. मला त्यांतील 'अनिर्वचनीय' हा शब्द पळवाटेचा वाटत नाहीं. तो जिभेला लावलेला लगाम वाटतो. देव रडतो कीं नाहीं हें जो तो आपल्या दुःखाच्या अधिकारानें म्हणूं शकतो. मावशींना तो रडणारा हवा आणि गुरुजींना न रडणारा, तर एका छपराखालीं त्या दोघांचेंहि म्हणणें खरें मानावयास मी तयार आहें. ज्याचें कांहीं गेलें नाहीं अशा माणसानें मात्र, तो पाळक असो, पंडित असो कीं प्रस्तुत लेखक असो, दुसऱ्याच्या दारीं जाऊन देवाच्या अश्रूंची ग्वाही देऊं नये, आणि त्याच्या निर्विकारपणाचीहि देऊं नये.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायांत लाजाराच्या कबरीपाशीं येशू रडला असें सांगितलें आहे. वेदनेचे पक्षपाती तेथेंच थांबतात. अविकाराचे पक्षपाती पुढचें वाचतात, कारण त्याच अध्यायांत तो मेलेल्यास उठवितो. या दोहोंच्या मध्यें एक लहानशी गोष्ट आहे. कबरीच्या तोंडावरची धोंड त्यानें स्वतः काढली नाहीं. ती बाजूला करण्यास त्यानें तेथें उभ्या असलेल्या माणसांना सांगितलें.